टाय घालावा की नाही?

आमच्या बेटावरील मराठी घरात मुलाच्या नोकरीची मुलाखत ठरली की लगीनघाई सुरू होते. आई सदऱ्याला दोनदा इस्त्री करते, आजी देवापुढे दिवा लावून कपाळाला टिळा लावते, चुलतभावाकडून टाय येतो आणि काकांनी स्वतःच्या लग्नात घातलेले काळे बूट कपाटातून बाहेर निघतात. सकाळी वाक्व्याच्या रिमझिम पावसात हा मुलगा बससाठी उभा राहतो तो थेट नवरदेव दिसतो. इथपर्यंत आमची काही तक्रार नाही. विचारावयाचे एवढेच की नवरदेव चालला आहे कुठे?

तो बँकेत चाललेला नाही. फिनिक्सच्या नाहीतर कोरोमांडेलच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या वर्कशॉपमध्ये वेल्डरची जागा आहे, तिथे त्याला बोलावणे आले आहे. मुलाखत घेणारा फोरमन, ज्याला आपण क्रिओलमध्ये कोंत्रमेत म्हणतो, स्वतः निळ्या सालोपेतमध्ये असतो, बाहीवर ठिणग्यांची भोके असतात आणि खिशात खडू असतो. तो या मुलाकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहतो. टाय पाहतो, पातळ तळव्याचे बूट पाहतो, बोटातली अंगठी पाहतो. मग त्याच्या मनात जो विचार येतो तो असा : हा मुलगा आजपर्यंत वर्कशॉपमध्ये किती उभा राहिला असेल?

आमच्या आईबापांना टायचा एवढा मोह का, हे आम्ही समजू शकतो. ज्यांचे आजे-पणजे ऊसाच्या शेतात सिर्दाराच्या हाकेवर उठले, त्यांच्या दृष्टीने पांढरा सदरा म्हणजे शेतातून सुटका होती. १९६८ साली देश स्वतंत्र झाला, सरकारी कचेऱ्या, शाळा, पोलीस खाते यांत आमची मुले शिरली, आणि घरोघरी भिंतीवर टाय घातलेला एक तरी फोटो लागला. त्या फोटोचा मान आहे आणि तो राहावा. पण त्या मानाचा एक तोटाही झाला. मुलाखत म्हटली की आमच्या डोळ्यांपुढे कचेरीच येते. गवंडी, फिटर, प्लंबर, वीजतंत्री, मोटार मेकॅनिक, वातानुकूलन यंत्रे दुरुस्त करणारा अशा कसबी माणसाची मुलाखत वेगळी असते, तिला जावयाचे कसे, हे घरात कोणी सांगत नाही, कारण घरात कोणाला ती कधी द्यावी लागलेली नसते. बापाला काम मिळाले ते ओळखीने, आजोबाला मिळाले ते ऊसाच्या इस्टेटीत.

आज काळ निराळा आहे. २००९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या मॉरिशस इन्स्टिट्यूट ऑफ ट्रेनिंग अँड डेव्हलपमेंट या संस्थेत, म्हणजे आपण रोजच्या बोलण्यात एम.आय.टी.डी. म्हणतो तिथे, मुले हुन्नर शिकतात, नॅशनल ट्रेड सर्टिफिकेट घेतात आणि मग एकटीच, हातात फाईल घेऊन कारखान्याच्या दारात उभी राहतात. त्या दाराशी पहिल्या पाच मिनिटांत काय होते याविषयी आम्ही इथे लिहीत आहोत.

प्रथम पाय. अनुभवी फोरमन माणसाचे तोंड पाहण्यापूर्वी पायांकडे पाहतो असे आमचे निरीक्षण आहे, आणि त्यामागे कारणही आहे. जिथे लोखंडाच्या पट्ट्या, गरम चुरा आणि खिळे जमिनीवर पडलेले असतात, तिथे उघड्या पायाचा माणूस हा सर्वांच्याच डोक्याला ताप असतो. आमच्या ओळखीच्या एका मुलास एका कारखान्याच्या फाटकावरूनच परत यावे लागले. पायांत सावात होती. मुलाखत घेणाऱ्याने त्याचे तोंडही पाहिले नाही. फाटकावरच्या माणसाने, उघड्या पादत्राणांत आत सोडता येत नाही, एवढेच सांगितले. मुलगा घरी येऊन म्हणाला, "गरीब म्हणून हाकलले." बापानेही तेच धरून ठेवले. बाप स्वतः उत्तम वेल्डर, आयुष्यभर सावात घालूनच काम केलेला, आणि त्याचे म्हणणे असे की काम बोलते, कपडा कशाला बोलावयास हवा? आम्हांला त्या बापाविषयी आदर आहे. परंतु काम बोलण्यासाठी आधी फाटकाच्या आत जावे लागते.

म्हणून बंद, चामड्याचे, नाड्या नीट बांधलेले बूट हवेत. सुरक्षा-बूट असतील तर उत्तम. पुढे लोखंडी टोपण असलेले हे जड बूट प्रशिक्षणाच्या वेळी मुलांकडे असतातच. त्यांवर ओरखडे असले तर असू द्यावेत, ते कामाचे ओरखडे आहेत. चिखल मात्र नको. वरच्या पठारावरचा आमचा पाऊस बसथांब्यापर्यंत पोचण्याआधीच बूट लाल करून ठेवतो, त्यासाठी पिशवीत एक जुना फडका टाकावा आणि उतरल्यावर कडेला उभे राहून बूट पुसून घ्यावेत. काकांचे लग्नातले बूट काकांकडेच राहू द्यावेत. गुळगुळीत तळव्याचे ते बूट तेलकट फरशीवर घसरतात, आणि फोरमनला हे ठाऊक असते.

पायांनंतर हात. हातांविषयी थोडे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण आमच्या मुलांना इथे उगाच लाज वाटते. मेकॅनिकच्या नखांच्या कडेला काळी रेघ राहते. ती साबणाने जात नाही. आया ती घालवण्यासाठी मुलांचे हात ब्रशने घासून लाल करतात. खरे सांगावयाचे तर गॅरेजच्या मालकाला ती रेघ दिसली तर त्यात वाईट काहीच नाही. चामडीत मुरलेले तेल म्हणजे या माणसाने इंजिन उघडलेले आहे याची खूण. पण मुरलेले तेल निराळे आणि कालची घाण निराळी. नखे कापलेली हवीत, तळहात धुतलेले हवेत, हात पुढे करताना समोरच्याला आपला हात मागे घ्यावासा वाटू नये. जुने मेकॅनिक एक उपाय करतात आणि तो आमच्या साखरेच्या बेटाला शोभणारा आहे : चमचाभर साखर, थोडे खाण्याचे तेल किंवा भांड्यांचा पातळ साबण, आणि दोन मिनिटे चोळणे. दाणेदार साखर तेल खरवडून काढते, वर कातडीही सोलत नाही.

कपड्याविषयी एका वाक्यात सांगता येईल ते असे की, कामावरचा स्वच्छ पोशाख आणि कचेरीतला पोशाख यांच्या मधोमध कुठेतरी थांबावे. कॉलरचा सुती सदरा, आत खोचलेला, गडद जाड कापडाची पँट, पट्टा. सुतीच का? पॉलिस्टर चमकते छान, पण ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटते, आणि वेल्डिंगच्या जागेसाठी आलेल्या मुलाने नायलॉनी सदरा घालावा हे फोरमनला तसेच दिसते जसे आम्हां शिक्षकांना शुद्धलेखनाच्या परीक्षेत स्वतःचे नाव चुकवणारा मुलगा दिसतो. फाटलेली जीन्स, छातीवर भलतीसलती वाक्ये छापलेला बनियन, डोळ्यांवर चढवलेला काळा चष्मा, उलटी कास्केत हे सर्व मित्रांसाठी ठेवावे. अत्तराचा फवारा बेताचा असावा. आदल्या रात्रीच्या रमचा वास अत्तराने झाकत नाही, दोन्ही वास येतात एवढेच होते.

आता टाय. फिरत्या लेथमशीनजवळ, ड्रिलजवळ लोंबणारी कोणतीही वस्तू धोक्याची असते. टाय, उपरणे, ओढणी, मोकळे लांब केस, सैल बाही, सारे एकाच माळेचे मणी. म्हणून वर्कशॉपमधल्या मुलाखतीस टाय घालू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याला अपवादही आहेत. मुलाखत मुख्य कचेरीत आहे, किंवा जागा पर्यवेक्षकाची आहे, किंवा मोठ्या हॉटेलातील देखभाल विभागाची आहे जिथे पाहुण्यांच्या खोल्यांत जाऊन नळ व दिवे दुरुस्त करावे लागतात, तर गोष्ट वेगळी. अशा ठिकाणी मालक मनात विचारतो की हा मुलगा माझ्या पाहुण्याच्या दारावर टकटक करील तेव्हा पाहुण्याला कसा वाटेल? तिथे टाय घातला तर बिघडत नाही. शंका असेल तर एक दिवस आधी फोन करून विचारावे की मुलाखत कचेरीत आहे की कारखान्यात, आणि काम करून दाखवावे लागेल का. असा फोन करणारा मुलगा फारच थोड्यांदा भेटतो, त्यामुळे त्याचे नाव लक्षात राहते.

याच्या पुढचा मुद्दा नाजूक आहे, आणि आमच्या घरांत त्यावरून वाद होतात हे आम्ही पाहिले आहे. अंगठी, हातातला लाल दोरा, गळ्यातली साखळी, कानातली बाळी, मंगळसूत्र.

अंगठीचे सांगतो. मोटारीची बॅटरी फक्त बारा व्होल्टची असते, तिचा धक्का बसत नाही, म्हणून नवशिका निर्धास्त असतो. पण पाना बॅटरीच्या धन टोकावर आहे आणि बोटातली अंगठी एकीकडे पान्याला नि दुसरीकडे गाडीच्या लोखंडी अंगाला टेकली, तर तिच्यातून शेकडो अँपिअर वीज धावते. अंगठी क्षणात लालभडक होते आणि ओढून निघत नाही. लॉरीवरून उडी मारताना अंगठी खिळ्याला अडकून बोटाचे कातडे सोलून निघाल्याचे प्रसंग जगभरच्या रुग्णालयांत नोंदलेले आहेत. हातातला दोरा ड्रिलमध्ये गेला तर तो तुटेल असे वाटते, पण गंडा चांगला पिळलेला असला तर तो तुटण्याआधी मनगट ओढून नेतो. दाढीचीही अशीच गोष्ट आहे. रंगाच्या वाफा किंवा धूळ यांसाठी तोंडावर घट्ट बसणारा मुखवटा लावावा लागतो, आणि त्याची कड दाढीवर बसली तर हवा बाजूने आत शिरते.

तेव्हा काढून ठेवावयाचे ते या कारणासाठी. मालकाला आपला धर्म दिसू नये म्हणून काढावयाचे, असे जर कोणी मुलांना शिकवत असेल तर ते आम्हांला पसंत नाही. कपाळावरच्या टिळ्याने कोणत्याही यंत्रात काही अडकत नाही. तो पुसण्याचे कारण नाही. दोरा गणेशचतुर्थीचा असो की आणखी कशाचा, मुलाखतीपूर्वी सोडून पाकिटात ठेवावा, देव पाकिटातही असतो. आणि मुलाखतीत विषय निघाला तर सरळ सांगावे, "कामावर मी हातात काही ठेवत नाही." या एका वाक्याने फोरमनला जेवढे कळते तेवढे तीन प्रमाणपत्रांनी कळत नाही.

इथे कायदाही आपल्या बाजूस आहे हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. २००८ साली संमत झालेला आणि २०१२ पासून अमलात असलेला इक्वल ऑपॉर्च्युनिटीज ॲक्ट नोकरीत वय, जात, रंग, धर्मपंथ, वांशिक मूळ, अपंगत्व, वैवाहिक स्थिती, लिंग, राजकीय मत अशा कारणांवरून भेद करण्यास मनाई करतो, आणि तक्रार ऐकण्यासाठी त्याच नावाचा आयोग आहे. "यंत्राजवळ साखळी चालणार नाही" असे सांगणे मालकाच्या हक्काचे आहे. "तुमच्यातल्यांना आम्ही घेत नाही" असे सांगण्याचा हक्क त्याला नाही. दोहोंतला फरक मुलांना घरीच समजावून द्यावा, म्हणजे पहिल्या बाबतीत ती रुसणार नाहीत आणि दुसऱ्या बाबतीत गप्प बसणार नाहीत.

चेहऱ्यावरून माणूस जोखण्याचा इतिहास आमच्या समाजाला नवा नाही. मोक्याच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमधील इमिग्रेशन दप्तरात करारबद्ध मजुरांचे जुने फोटो जपून ठेवलेले आहेत. १८६७ च्या कायद्याने, करार संपलेल्या मजुराला स्वतःचा फोटो लावलेला पास सदैव जवळ बाळगणे भाग पडले. पास नसला तर पोलीस पकडत. त्या फोटोंतील माणसे कॅमेऱ्याकडे सरळ पाहतात, कोणाच्या अंगावर घोंगडी, कोणाच्या खांद्यावर उपरणे. त्यांना कोणी विचारले नव्हते की तुम्हांला काय येते. त्यांच्यात सुतार होते, लोहार होते, कुंभार असतील. इस्टेटीला फक्त हातपाय हवे होते. पणतू आज फाईल घेऊन जातो आणि त्याला निदान विचारले तरी जाते, हा फरक लहान नाही.

मात्र विचारण्यापूर्वीच समोरच्याचे मत अर्धे झालेले असते, हेही खरे. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात जनीन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग या बाबतीत प्रख्यात आहेत. लोकांना अनोळखी चेहरे सेकंदाच्या एकदशांश भागापुरते दाखवले आणि विचारले की हा माणूस विश्वासू वाटतो का, कर्तबगार वाटतो का. मग इतरांना तेच चेहरे हवा तेवढा वेळ पाहू दिले. दोन्ही मते बरीचशी सारखी निघाली. वेळ वाढवून दिला तर मत फारसे बदलत नव्हते, आपल्या मताची खात्री तेवढी वाढत होती. ही खात्री हाच खरा धोका आहे असे आम्हांस वाटते, कारण एकदशांश सेकंदात वेल्डची शिवण सरळ येते की वाकडी हे कोणालाच दिसत नाही.

आमच्या वाचकांत काही स्वतः पात्रों आहेत, गॅरेजचे, सुतारकामाच्या कारखान्यांचे, बांधकामाच्या कंत्राटांचे मालक आहेत. हा परिच्छेद त्यांच्यासाठी. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली पंच्याऐंशी वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा माणूस पुढे काम कसे करील हे सांगण्यात, प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेण्याची पद्धत अगदी वरच्या क्रमांकावर आली. २०२२ साली पॉल सॅकेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते हिशेब पुन्हा तपासले. नमुन्याचे वजन पूर्वी मानले त्यापेक्षा कमी निघाले, आणि सर्व उमेदवारांना तेच ठरलेले प्रश्न विचारून घेतलेली मुलाखत सर्वांत वर आली. दोन्ही आढाव्यांत गप्पा मारत, मनाला येईल ते विचारत घेतलेली मुलाखत मागे राहिली. तेव्हा कागदावर सहा प्रश्न लिहावेत, सगळ्यांना तेच विचारावेत, आणि मग दोन पट्ट्या देऊन म्हणावे, जोडून दाखव. अर्ध्या तासाचे काम आहे. बुटांवरून माणूस नाकारण्याआधी एवढे करावे ही आमची विनंती आहे, कारण चांगले कारागीर मिळत नाहीत म्हणून बाहेरदेशांहून माणसे आणावी लागतात अशी तक्रार हेच मालक आमच्याकडे करतात.

आणि ज्याच्याकडे बूटच नाहीत त्याने काय करावे? प्रश्न खरा आहे. कामावर लागल्यावर सुरक्षेचे साहित्य पुरवण्याची जबाबदारी २००५ च्या कायद्याने मालकावर आहे, पण मुलाखतीच्या दिवशी तो कायदा पायांत घालता येत नाही. आमच्या मते हे काम वस्तीने करावे. बैठकांत सप्त्याच्या जेवणाचा, गणपतीच्या सजावटीचा हिशेब होतो, त्यात दोन-तीन मापांचे सुरक्षा-बूट घेऊन ठेवावयास किती खर्च येणार? आज एकाने न्यावे, परत आणून पुसून ठेवावे, उद्या दुसऱ्याने न्यावे. लग्नाची भांडी आपण असेच वापरत नाही काय?

बोलण्याविषयी थोडे. आमच्या बेटावर अर्ज इंग्रजीत भरतात, मुलाखत फ्रेंचमध्ये सुरू होते आणि काम समजावण्याची वेळ आली की सगळे क्रिओलवर येतात. मुलांना भीती वाटते ती फ्रेंचची. फ्रेंच मोडकी असली तर फोरमन ती विसरतो. तो विसरत नाही ते दुसरेच. क्रिओलमध्ये 'तो' आणि 'ऊ' आहे, जसे मराठीत 'तू' आणि 'आपण'. मित्रांत 'तो-तो' करण्याची सवय लागलेला मुलगा घाईत समोरच्या पन्नाशीच्या माणसालाही 'तो' म्हणून जातो, आणि तिथे सगळी इस्त्री वाया जाते. फाटकावरच्या पहारेकऱ्यालासुद्धा 'बोंझूर मिस्ये' म्हणावे आणि 'ऊ'नेच बोलावे. पुष्कळ ठिकाणी मुलगा गेल्यावर त्या पहारेकऱ्याला विचारतात की कसा वाटला.

आईबापांना मात्र हात जोडून सांगणे आहे की सोबत जाऊ नये. मुलगा अठरा वर्षांचा, खुर्चीवर बसलेला, आणि शेजारी मामा उभे राहून "आमचा भाचा फार गुणी आहे" असे सांगत आहेत, हे दृश्य आमच्या ऐकण्यात एकाहून अधिक वेळा आले आहे. मामांची मालकाशी ओळख असेल तर ती घरी ठेवावी. ओळखीने आत आलेल्या मुलाचे कसब कोणी तपासत नाही आणि त्याच्यावर कोणी विश्वासही टाकत नाही.

मुलींविषयी स्वतंत्र लिहावयास हवे, इथे थोडक्यातच लिहितो. वीजकाम, वेल्डिंग, मोटारदुरुस्ती यांत मुली येऊ लागल्या आहेत. मुलाखतीच्या दिवशी घरचे म्हणतात, साडी नेस, मुलगी साडीतच शोभते. शोभते, त्यात वाद नाही. पण शिडीवर चढून दाखव म्हटले तर ती काय करील? जाड कापडाची पँट, लांब सुती सदरा, केस घट्ट बांधलेले, बांगड्या काढलेल्या, असा पोशाख तिला फोरमनपुढे पाच मिनिटांत 'पाहुणी'ची 'उमेदवार' करतो. मंगळसूत्राचा प्रश्न विवाहित मुलींपुढे येतो. ते कामाच्या वेळी काढून कापडी पिशवीत सांभाळून ठेवावे, संध्याकाळी पुन्हा घालावे. ज्या सासूबाईंना हे पटत नाही त्यांना बॅटरी आणि अंगठीची वरची हकिकत वाचून दाखवावी. लग्न कधी करणार, मुले किती, असे प्रश्न विचारणाऱ्या मालकाला कामाबद्दल विचारावे असे नम्रपणे सुचवण्यास मुलींनी कचरू नये.

कागदांचे काम कंटाळवाणे, पण पहिल्या भेटीत कागदही चेहऱ्याइतकेच दिसतात. ओळखपत्र, शाळेचे व हुन्नराचे प्रमाणपत्र, मागच्या मालकाची चिठ्ठी, गाडी चालवण्याचा परवाना. ज्याला आपण सार्टिफिका मोरालिते म्हणतो ते चारित्र्याचे प्रमाणपत्र सार्वजनिक अभियोग संचालकांच्या कार्यालयाकडून मिळवावे लागते, त्यास वेळ लागतो, म्हणून मुलाखतीचे पत्र येण्याची वाट पाहू नये. सर्व एका फाईलमध्ये, क्रमाने; पँटच्या मागच्या खिशातून घडी घातलेले प्रमाणपत्र काढणे बरे दिसत नाही. मोबाईलमध्ये स्वतःच्या कामाचे पाच-सहा फोटो असावेत : जोडलेले फाटक, बसवलेला वीजफलक, विटांचा कोपरा. दुसऱ्याच्या घराच्या आतले फोटो त्याला विचारल्याविना दाखवू नयेत. फोटो दाखवून झाले की मोबाईल बंद करून खिशात टाकावा.

अलीकडे एक नवीन मुलाखत आली आहे. कॅनडातील, विशेषतः क्युबेकमधील कारखाने आमची वेल्डर आणि मेकॅनिक मुले घेतात, आणि पहिली भेट संगणकाच्या पडद्यावर होते. तिकडे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आमच्याकडे ऋतूप्रमाणे संध्याकाळचे पाच किंवा सहा झालेले असतात. मुलगा उजेडात बोलावयास बसतो आणि बोलता-बोलता काळोख होतो. तिकडच्या माणसाला शेवटी फक्त दात दिसतात. म्हणून दिवा समोर ठेवावा, पाठीमागे नको. पाठीमागे भिंत असावी, वाळत घातलेले कपडे नसावेत. घरातल्या मंडळींनी त्या तासात दूरदर्शन बंद ठेवावे आणि कुत्रे शेजारी नेऊन बांधावे. पोशाख तोच, कॉलरचा सदरा, आणि पँटही नीटच घालावी, कारण हातमोजे किंवा हेल्मेट दाखव म्हणून कोणी उठावयास सांगितले तर काय होईल याचा विचार आधी केलेला बरा.

राहिली पिशवी. प्रत्यक्ष चाचणी होईल असे धरूनच निघावे. पिशवीत धुतलेले सालोपेत, हातमोजे, सुरक्षा-चष्मा, आपल्या हुन्नराप्रमाणे स्वतःची माप-पट्टी किंवा टेस्टर, बूट पुसण्याचा फडका, पाण्याची बाटली, आणि उन्हाळ्याचे दिवस असतील तर एक जादा सदरा, कारण वाक्व्याहून गारव्यात निघालेला माणूस पोर्ट लुईला उतरतो तेव्हा पाठ भिजलेली असते. चाचणी आटोपल्यावर टेबल झाडावे, हत्यारे होती तिथे ठेवावीत, वेल्डिंगचे यंत्र बंद केले आहे ना ते पाहावे, आणि मग हात धुऊन निरोप घ्यावा. बरेच फोरमन निकाल लिहितात तो तेव्हा.